पोत्याची शाई आणि चित्राचा कोपरा

माझ्या बायकोनं काढलेल्या तुरीच्या चित्रासमोर उभं राहून एका आडत्यानं ओलावा विचारला होता, हे मी शपथेवर सांगतो. शपथ माझीच आहे, त्यामुळं तिला फार भाव नाही, पण आडत्या खरा होता. पानाचा तोबरा भरलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. चित्राजवळ गेला, वाकला, आणि मला म्हणाला, "सेठ, माल चांगला हाय, पर अजून दोन दिस ऊन पायजे."

लातुरात आमची डाळमिल आहे. तुरीला तेलपाणी लावून ती मिलच्या अंगणात पसरतात, आणि बाया अनवाणी पायांनी त्यात सऱ्या पाडत दिवसभर ती फिरवत राहतात. बायकोनं तेच काढलं होतं. कॅनव्हासवर तैलरंगात, दीड हात उंच आणि दोन हात रुंद. सगळं अंगण पिवळं, त्यात पाच बाया, त्यांच्या सावल्या आणि खाली उजव्या कोपऱ्यात मी. हातात छत्री, पोट पुढं, बोट वर. पोट तिनं जरा जास्त काढलंय असं माझं मत आहे. मिलमधल्या कोणाचंच ते मत नाही.

ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मागच्या वर्षी निवृत्त झाली. तीस वर्षं तिनं गॅदरिंगचे पडदे रंगवले, भिंतींवर नकाशे काढले, निरोप समारंभाला गुरुजींची चित्रं काढली. एकावरही तिचं नाव नाही. एकदा तर निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचं चित्र तिनं इतकं हुबेहूब काढलं, की प्रमुख पाहुण्यांनी भाषणात फोटोग्राफरचं कौतुक केलं. हॉलभर टाळ्या झाल्या. तिनंही वाजवल्या. घरी आल्यावर सरळ स्वयंपाकाला लागली. पण त्यानंतर महिनाभर आमच्या वरणात मीठ नव्हतं. बरं, आठवडाभर धरा.

तर यंदा तिच्या फोनवर नांदेडच्या प्रदर्शनाची सूचना आली. मराठवाड्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन, चित्र एप्रिलमधल्या अमुक शनिवारी दुपारपर्यंत हॉलवर पोचवायचं. आणि शेवटी एक अट होती. चित्राच्या दर्शनी बाजूला चित्रकाराची सही हवी, आणि ती वाळलेली हवी. सही नसलेलं चित्र घेतलं जाणार नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला आणि म्हणाली, "अहो, यावेळी माझं नाव पायजे. कोपऱ्यात का होईना, बारीक का होईना. पर माझं."

तिचं माहेर भोकरचं. भोकरहून नांदेड किती जवळ! अर्धं माहेर ते प्रदर्शन बघायला येणार होतं.

"मग टाक की सही," मी म्हणालो. "त्यात काय?"

"कशानं टाकू?"

माझ्या आयुष्यात मी लाखभर सह्या केल्या असतील, पण कशानं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. हाताला लागेल त्यानं. पण मी अडणारा माणूस नाही. आमच्या गावात क्लासच्या पोरांसाठी पेनांची एवढी दुकानं आहेत, की एखाद्या गल्लीत पाणी मागितलं तर लोक आधी रिफिल पुढं करतात. मी गेलो आणि पिशवीभर घेऊन आलो. बॉलपेन, जेलपेन, चंदेरी पेन, सोनेरी पेन, आणि 'कायमस्वरूपी' असं खात्रीनं लिहिलेला काळा मार्कर.

तिनं त्यातलं एकही चित्राला लावलं नाही. मास्तरीण ती! कॅनव्हासचा एक तुकडा घेतला, त्यावर चित्रातलेच रंग लावून ते पुरते वाळू दिले, आणि मग प्रत्येक पेनानं त्यावर एकेक सही केली. खाली पेन्सिलीनं नोंद. आणि तो तुकडा टांगला दक्षिणेच्या खिडकीत.

लातूरच्या उन्हाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथं चौकात उभी केलेली मोटारसायकल दोन तासांनी वेगळ्याच रंगाची सापडते, आणि मालक ती सोडून दुसऱ्याच गाडीला किल्ली लावत बसतो. त्या उन्हात पेनांचं काय झालं असेल? जेलपेन तेलाच्या रंगावर धरतच नव्हता, नख लावलं की पापुद्रा. बॉलपेननं तर नांगरटच केली, रंग उकरून निघाला. मार्कर मात्र पहिल्या दिवशी असा काळाकुळकुळीत, की मी तिला म्हणालो, "बघ, झालं काम!" तिसऱ्या आठवड्यात तो जांभळट पडला. मग चहासारखा. शेवटी तिनं त्यावरून वार्निशचा ब्रश फिरवला, तर डोळ्यातलं काजळ गालावर यावं तसा सगळा पसरला.

"कळलं का?" ती म्हणाली. "चित्र ज्या रंगाचं, सही बी त्याच रंगाची. तेलावर तेल. पाण्याच्या रंगाचं चित्र असंल तर पाण्याच्या रंगानं, न्हाई तर पेन्सिलीनं. बाहेरची चीज वर नुसती बसून ऱ्हाती. चित्रात मुरत न्हाई."

"पण तुझी परीक्षा अपुरी हाय," मी म्हणालो.

"ती कशी?"

"जगातली सगळ्यात पक्की शाई तू बघितलीच न्हाईस."

ती हसली. "मंगळवारी ब्रशनं सही करीन. तुम्ही मिलमध्ये जावा."

आता ती पक्की शाई कोणती, ते सांगतो. डाळीच्या पोत्यावर मिलचं नाव उठवतात, त्याला आम्ही मार्का म्हणतो. पत्र्यात अक्षरं कापलेली असतात, तो पत्रा पोत्यावर ठेवायचा आणि शाईत बुडवलेला ब्रश वरून ठोकायचा. झाला मार्का. आमच्याकडं हे काम हमालांचे मुकादम करतात. मी त्यांना विचारलं, "मुकादम, ही शाई किती टिकती?"

मुकादमांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी महादेवाचं वय विचारलं. "सेठ, पोतं जातं. मार्का ऱ्हातो."

ते खरंच आहे. एका वर्षी मांजरेच्या पुरात वाहून गेलेलं आमचं एक पोतं पार कर्नाटकात निघालं. डाळ माशांनी खाल्ली होती, ताग कुजून गेला होता, मार्का तेवढा पाण्यावर तरंगत होता. हे मला कोणी सांगितलं ते आता आठवत नाही. बहुतेक मीच.

मग काय, बायकोच्या पेन्शनच्या कागदावरची सही घेऊन मी पत्रेवाल्याकडं गेलो. म्हटलं, ह्याचा मार्का काप. तो कागद त्यानं उलटा करून बघितला, उजेडात धरला, आणि डोकं खाजवायला लागला.

"सेठ, ह्यात पत्रा कुठं ठिवू? बाईंनी सुरू केल्यापासून हात उचललेलाच न्हाई. गोल कापला की मधला तुकडा खाली पडतोय."

"मधे मधे दांड्या ठेव की. पोत्याला ठेवतोस तशा."

"मग ती बाईंची सही ऱ्हाईल का?"

प्रश्न चांगला होता. मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं.

चित्र पोचवायच्या आठवड्यात, सोमवारी पहाटेच बायको भाच्याच्या पोराच्या बारशाला भोकरला गेली, संध्याकाळी परत यायची होती. सकाळी मी कपाळाला विभूती लावली, हात जोडले आणि कामाला लागलो. तिला चकित करायचं, एवढंच मनात होतं. पत्रा चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर धरला, ब्रश शाईत बुडवला, आणि मिलमध्ये ठोकतात तसा ठोकला. दणादण.

ताग शाई पितो. वाळलेला तेलाचा रंग पीत नाही. साठीला टेकलेल्या, तीन पिढ्यांच्या मिलमालकाला एवढं कळायला हवं होतं. शाईला आत जायला वाट मिळेना, म्हणून ती पत्र्याखालून चारी दिशांना निघाली. मी पत्रा उचलला, तर सहीच्या जागी काळी म्हैस डबक्यात बसल्यासारखं काहीतरी होतं. आणि बसली ती नेमकी माझ्यावर. छत्री गेली, पोट गेलं, वर केलेलं बोट तेवढं बुडणाऱ्या माणसासारखं बाहेर.

मी घाबरून थिनरचा बोळा फिरवला. म्हशीला पिल्लं झाली.

संध्याकाळी बायको आली. हातातली पिशवीही तिनं खाली ठेवली नाही.

"हे काय हाय?"

"सही."

"कुणाची?"

"तुझीच."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला कोणी हरवू शकत नाही. मी इतक्या मोठ्यानं बोलतो की समोरच्याला आपलं म्हणणं आठवत नाही. पण ती भांडली नाही. चित्रासमोर पाटावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि एकच शब्द बोलली. "शनिवार."

मी काळी बोटं धोतराला पुसत राहिलो. फुगवून सांगायला एकही आकडा सापडेना. तीस वर्षांत तिनं एकदा नाव मागितलं होतं, आणि ते मी डांबरासारखं फासून ठेवलं होतं.

मंगळवारी सकाळी तिनं घट्ट पिवळा रंग घेऊन तो डाग झाकला. मला वाटलं, सुटलो. बुधवारी सकाळी पिवळ्यातून जांभळी झाक वर आली होती. तिनं बोट लावून बघितलं.

"ही शाई चढती. किती बी झाका, ही वर येणार."

"पक्की हाय," मी म्हणालो. सवयीनं म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी पाणी प्यायला आत गेलो.

आतून बाहेर आलो तेव्हा ती ब्लेडनं रंग खरवडत होती. शाई खाली कॅनव्हासच्या विणीपर्यंत उतरलेली. तिनं ब्लेड ठेवलं, उठली, चित्रापासून पाच पावलं मागं गेली. एक डोळा मिटून हात समोर धरला आणि चित्राचा खालचा भाग हातानं झाकला. मग जरा कमी झाकला. मग पुन्हा जास्त.

"रिक्षा बोलवा," ती म्हणाली.

गंजगोलाईजवळ एक फ्रेमवाले आहेत, देवांच्या फोटोंना चौकटी करतात. त्यांनी चित्र टेबलावर घेतलं, डाग बघितला आणि मग माझी बोटं बघितली. ती अजून काळी होती. 

"खालून चार बोटं मागं घ्या," बायको म्हणाली. "कॅनव्हास कापू नका. नुसता दुमडा आणि लहान लाकडावर ताणून बसवा."

फ्रेमवाल्यांनी पट्टी ठेवली. "व्हतंय बाई. पर सेठ जातेत."

"कुठं?"

"मागं. सेठ पुरेच मागं जातेत."

"जाऊ द्या."

"छत्रीसकट?"

"हाव. मागून बघतील सगळं."

ते आणि त्यांचा कारागीर इतके हसले की खिळे सांडले. मीही हसलो, काय करणार! मराठवाड्यातला मी पहिला माणूस असेन, ज्याला बायकोनं रीतसर ताणून, खिळे मारून चित्राच्या मागं पाठवलं.

नव्या लाकडावर बसलेलं चित्र तिनं भिंतीला टेकवून ठेवलं. मी उगाच चूक काढायला गेलो आणि काही सापडलं नाही. आधी नजर पहिल्यांदा माझ्या छत्रीवर जायची. आता सगळ्यात पुढच्या बाईचे पाय थेट आपल्यासमोर येत होते, टाचेला तुरीचं पिवळं लागलेलं.

"हे आधीच करायला पायजे होतं," ती पुटपुटली. माझ्याशी नव्हे. पण मी ते माझ्या खात्यावर क्षमा म्हणून जमा करून टाकलं.

आणि त्याच दुपारी ती सहीला बसली. काळा रंग तिनं घेतलाच नाही. "काळा लई सावकाश वाळतो. शनिवारी ओला ऱ्हाईल." तिनं गडद तपकिरी घेतला, मातीचा. तो लवकर वाळतो, आणि बायांच्या सावल्यांतही तोच होता, म्हणजे सही वेगळी ओरडणार नव्हती. त्यात दोन थेंब टर्पेंटाईन, शाईसारखा पातळ होईपर्यंत. ब्रश लांब केसांचा आणि इतका बारीक, की मुंगीनं मिशी म्हणून लावावा. आधी काचेवर पाच-सहा वेळा लिहून बघितलं. मग चित्राच्या कडेपासून दोन बोटं आत पेन्सिलीची पुसट रेघ मारली.

"एवढी आत कशाला?" मी विचारलं.

"कडेला केली की चौकट खाती."

तिनं श्वास रोखला. मी रोखला. मला वाटतं मिलमधली मोटारसुद्धा क्षणभर थांबली. पहिलं अक्षर नीट उतरलं. दुसऱ्यावर ब्रश घसरला आणि रेघ वाकडी गेली. माझ्या तोंडून "अरारा!" निघालं. ती शांतपणे फडक्याला जरासं टर्पेंटाईन लावून ते पुसून मोकळी. खालचा रंग वाळून घट्ट झाला होता, त्याला काही झालं नाही. ओली सही पुसता येते! इतके दिवस मी न पुसणारी शाई शोधत फिरलो आणि तिला हवी होती ती चुकायला जागा ठेवणारी.

तिसऱ्या वेळी जमलं. तपकिरी, बारीक, एका दमात. फक्त तिचं नाव.

"आडनाव?" मी विचारलं.

"जागा न्हाई," ती ब्रश पुसत म्हणाली.

त्या कोपऱ्यात एक भरलेला ट्रक वळवून उभा करता आला असता. 

शनिवारी सकाळी एसटी धरली. चित्राच्या चारी कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे बांधून वरून माझं धोतर ताणलेलं, म्हणजे कापड सहीला टेकणार नाही. कंडक्टर आला. "टीव्ही का?"

"चित्र हाय," मी म्हणालो.

"सीटवर बसलंय. तिकीट लागंल."

"अर्धं द्या. परवाच लहान केलंय."

अहमदपूर येईपर्यंत निम्म्या गाडीनं ते बघायचा हट्ट धरला. लोह्याला जाणारी एक आजी धोतर वर करून बघत म्हणाली, "ही डाव्या अंगाची तर माझी नणंदच! तशीच कंबर मोडून चालती." आणि बोट लावायला गेली. मी असा ओरडलो, की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. आता हे मात्र खरंच आहे, बायकोला विचारा. पुढं नांदेडपर्यंत तिनं चित्र मांडीवर घेतलं.  अधूनमधून धोतराखाली डोकावायची आणि पुन्हा बाहेर बघायची. मी विचारलं, "वाळली का?" ती म्हणाली, "हात लावायची हिंमत न्हाई."

हॉलवर टेबलाशी एक तरुण मुलगी रजिस्टर घेऊन बसली होती. रांगेत आमच्या पुढचे एक गृहस्थ चित्र काखेत मारून परत चालले होते. मुलगी त्यांना सांगत होती, "काका, सही ओली हाय, चौकटीला लागली. असं न्हाई घेता येत." ते ऐकून मी रांगेत बायकोच्या मागं सरकलो. बायकोनं धोतर सोडलं, बुचं काढली, चित्र टेबलावर आडवं ठेवलं. मुलीनं आधी चित्र बघितलं. बराच वेळ. मग कोपऱ्यात वाकली आणि करंगळीचं टोक सहीवर ठेवलं. दाबलं. उचलून उजेडात धरलं.

करंगळी स्वच्छ होती.

"वाळलीय मॅडम," ती म्हणाली. "तेलानंच केली, बरं केलं. लई जण मार्करनं करून आणतेत. एकानं तर काय लावलं होतं, कळलंच न्हाई."

"काय सांगता!" मी म्हणालो. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

मुलीनं रजिस्टरमध्ये लिहिण्यासाठी नाव विचारलं नाही. सहीवरून बघूनच लिहिलं.

रविवारी प्रदर्शन उघडलं, तेव्हा आम्ही पुन्हा हॉलवर गेलो. चित्र डाव्या भिंतीवर मधोमध लावलं होतं. भोकरची मंडळी अजून यायची होती. बायको चित्रापाशी न जाता दारातच थांबली आणि मला म्हणाली, "अहो, इथून नाव वाचता येतं का?"

इथून मला पिवळं अंगणसुद्धा धुरकट दिसत होतं. "येतं की! रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा येईल."

"खोटं बोलू नका. दारातून वाचता यायलाच न्हाई पायजे." तिनं पदर सारखा केला. "ज्याला पायजे त्यानं जवळ जावं."

आम्ही दोघं दाराजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. माणसं येत होती, चित्रं बघत पुढं सरकत होती. काही जण तुरीसमोर थांबले, बोलले, गेले. कोपऱ्याकडं कोणी बघितलं नाही. मला ते सहन होईना. मी दोनदा निघालो, हात धरून ओढून आणणार होतो कोणाला तरी. दोन्ही वेळा तिनं माझा सदरा धरला.

मग एक बाई आल्या, हातात भाजीची पिशवी, बहुधा बाजारातून परस्पर आलेल्या. त्या पुढच्या बाईच्या पायांकडं बघत राहिल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एक पाऊल पुढं, अजून एक. चष्मा नाकावर खाली ओढून कोपऱ्यात वाकल्या, आणि तिचं नाव मोठ्यानं वाचलं.

"हाव," माझी बायको दारातून म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की सगळा हॉल वळला. "मीच ती."